तीन घरांवरचं माहेर

वैशाखाचं ऊन चढलं आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबायला लागल्या की माझा जीव जळायला लागतो. अजूनही. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुर करतात, केसांना मेंदी लावायचासुद्धा कंटाळा येतो. पण आखाजीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या पिंप्राळ्यात रिक्षा थांबली, तिच्यातून कोणाची तरी लेक उतरली, मागोमाग तिचा भाऊ दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उतरला, की मी कणकेचे हात तसेच घेऊन दाराशी येते आणि बघत राहते. याही वर्षी बघितलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांची लेक आली. पहूरला दिली आहे. पहूर म्हणजे काही फार लांब नाही, सकाळी निघालेला माणूस जेवायला परत येतो. पण तिची आई पायात चप्पल न घालता तापलेल्या रस्त्यावर धावत गेली. तिचे पाय भाजत होते आणि जळत मी होते.

अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशातले लोक आखाजी म्हणतो. दिवाळीला लेक आली नाही तरी घर एक वेळ समजून घेतं. आखाजीला आली नाही तर घराला करमत नाही. तिने आपलं आपण यायचं नसतं. भावाने तिला घ्यायला जायचं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्याने सासरी दोन घास खायचे, विहिणीचे टोमणे हसत ऐकायचे, आणि मग बहिणीला घेऊन निघायचं. मग आठ दिवस झोके, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आईच्या शेजारी अंग टाकून झोपणं. हे सगळं प्रत्येक बाईच्या वाट्याला येतं असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं.

माझं लग्न गल्लीतच झालं. माझं माहेर आणि माझं सासर यांच्यामध्ये तीन घरं आहेत. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, त्यांना ही सोयरीक म्हणजे लॉटरी वाटली होती. "पोरगी डोळ्यासमोर राहील," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. माझ्या वरातीला घोडा नव्हता, गाडी नव्हती, बँडवाल्यांनी एक गाणं धरलं आणि ते संपायच्या आत मी सासरी पोचले होते. बायका म्हणाल्या, नशीबवान आहेस, मन झालं की आई दिसते. तेव्हापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की माझ्या कपाळावरची शीर ताठ होते.

मला आठवते ती लग्नानंतरची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीचं कौतुक न्यारंच असतं. नवी नवरी माहेरी यायची म्हणून घरात आधीपासून गडबड असते, झोक्याचा दोर नवा आणतात, तिच्या मैत्रिणींना निरोप जातात. आमच्या घरातही गडबड होती, पण ती माझ्यासाठी नव्हती. माझी नणंद शैलाताई भडगावला दिली होती, आणि तिला आणायला जायचं होतं आमच्या ह्यांना. माझा नवरा मुराळी! पहाटे उठून दाढी केली, लग्नातला सदरा काढला, आरशासमोर उभं राहून भांग दोनदा पाडला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. नवऱ्यावर जळणाऱ्या बायका असतात. पण तो दुसऱ्या बाईचा भाऊ आहे म्हणून जळणारी मी एकटीच असेन.

दुपारी शैलाताई आली. तोंड उन्हाने लालबुंद, केसांवर एसटीच्या खिडकीतली धूळ, खांद्यावर फुगलेली बॅग. सासूबाई दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या. तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. रडता रडता शैलाताई हसली. मग दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आतून कुजबुज, हुंदका, मग खदखदून हसणं, पुन्हा कुजबुज. वर्षभर साठवलेली गाऱ्हाणी ती एकेक करून सोडत होती. मी बाहेर पुरण वाटत होते आणि त्या गाऱ्हाण्यांवर जळत होते. माझी गाऱ्हाणी साठायचीच नाहीत. सकाळी सासूबाई काही बोलल्या की संध्याकाळी मी मायजवळ ते सांगून मोकळी व्हायची. कुठलंही दुःख मुरायला वेळ लागतो, तो वेळच मला कधी मिळाला नाही.

माझा भाऊ संजू तेव्हा कॉलेजात होता. त्याला मी चार दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं, मलाही घ्यायला ये. तो आला, कैरी खात, पायात स्लीपर. दारातूनच म्हणाला, "ताई, चल, माय बोलावते." म्हटलं, आत ये, बस, पाणी घे, सासूबाईंना विचार. तो म्हणाला, "काय विचारू? सकाळीच तर त्यांच्याकडून इस्त्री नेली." सासूबाई आतून ओरडल्या, "तुले कोन आननारं वं? तुह्या माहेरचा कुकर शिट्टी देते तो मले आठी ऐकू येते!" शैलाताईसुद्धा हसली.

मी मात्र ऐकलं नाही. लग्नातली सुटकेस काढली, तीत दोन साड्या, कंगवा, पावडर भरली, आणि भर दुपारी ती उचलून निघाले. तीन घरं. पहिल्या घरच्या काकूंनी विचारलं, कुठे निघालीस गं? मी म्हटलं, माहेरी. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. दुसऱ्या घराच्या ओट्यावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगला होता, आखाजीला आमच्याकडे तो रंगतोच. त्यातल्या एकाने पत्ते खाली ठेवून माझी सुटकेस बघितली. तिसऱ्या घरापाशी सुटकेसचं कुलूप उघडलं आणि पावडरचा डबा रस्त्यावर घरंगळत गेला.

माय गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. ती पारोळ्याकडची, तिची बोली शेवटपर्यंत तिकडचीच राहिली. वरून वाकून म्हणाली, "बॅग कसाले आनी वं? सकायमा तं येल व्हती तू." सकाळी मी विरजण मागायला गेले होते, हे खरं होतं. मी रडले. आनंदाचं नाही, रागाचं. मायनेही काही समजूत घातली नाही, उलट त्या दिवशी ती सगळ्यांवरच चिडचिड करत होती. संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या दोन हाका आल्या, गुळाचा डबा कुठे आहे आणि वेलची कुठे आहे. मी जाऊन दिली आणि परत आले. असं माझं माहेरपण.

रात्र पडायच्या आत निंबाखाली झोके सुरू झाले. निंबाला मोहोर होता, त्याचा तो कडवट गोड वास. झोक्यावर बसून लेकी गाणी म्हणतात, त्या सगळ्या गाण्यांत माहेर लांब असतं, वाट सरत नाही, भाऊ दिसत नाही. माझी पाळी आली. मीही झोक्यावर बसले आणि लांबच्या माहेराचं गाणं म्हणायला लागले. झोका वर गेला की मला माझ्या माहेराची गच्ची दिसायची आणि तिच्यावर कुरडया राखणारी माय. झोका खाली आला की सासरचं दार. गाणं पुरं झालं नाही, हसू फुटलं, बाकीच्या पोरीही हसल्या. शैलाताईची पाळी आली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. तिचं भडगाव आहे तरी कितीसं लांब, पण तिच्या आवाजात ते लांब होतं.

आठव्या दिवशी पाठवणी. शैलाताईला सासूबाईंनी पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे जुन्या साडीत गाठोडं बांधून दिले, स्टँडवर जाईपर्यंत दोघींचे डोळे गळत होते. मलाही मायने पापड दिले. स्टीलच्या डब्यात. वर म्हणाली, डबा उद्या आणून दे. तिथेच मला कळून चुकलं की माझं माहेर हे माहेर नाहीच. जिला माहेर असतं तिच्याकडे कोणी डबा परत मागत नाही.

पुढची सगळी वर्षं मी जळत राहिले, आणि आता मागे वळून बघते तर त्या जळण्यात मी भलतीच रमले होते असं दिसतं. चैत्र संपत आला की माझे कान रिक्षाच्या आवाजाकडे लागत. कोणाचा मुराळी कधी निघाला, कोणाची लेक या वर्षी बारीक झाली, कोण रिकाम्या हाताने आली आणि कोण नवी कर्णफुलं घालून, सगळं मला ठाऊक. आईला बघून कोण आधी रडते आणि कोण आधी पिशवी खाली ठेवते, हेही ठाऊक. गल्लीतल्या बायका मलाच विचारायच्या, कोण आलं गं? स्वतः शैलाताईला तिच्या कितीतरी आखाज्या आठवत नाहीत. एक वर्ष साडीवरून भांडण झालं, एक वर्ष पोरांना गोवर निघाला, एक वर्ष आली तशी झोपूनच राहिली. मला तिच्या सगळ्या आखाज्या लख्ख आठवतात. तिला मिळाल्या, म्हणून वापरून जुन्या झाल्या. मला मिळाल्या नाहीत, म्हणून माझ्याकडे त्या घडी न मोडलेल्या साडीसारख्या राहिल्या आहेत. अशा न मिळालेल्या गोष्टीत एक सुख असतं, फक्त ते कोणाला सांगता येत नाही. सांगितलं तर लोक म्हणतात, मग जळतेस कशाला? तर जळल्याशिवाय ते मिळत नाही.

शैलाताई एकदा मला म्हणाली होती, "तुहं बरं हाये वहिनी. मले मायची आठोन आली का उशी ओली होते." तिने ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला त्याचाही हेवा वाटला. मला मायची आठवण येईल कशी? सकाळी दूध घ्यायला दिसायची, दुपारी दळणाला, संध्याकाळी माझ्याच दारात बसून माझ्याच सासूशी माझ्याबद्दल बोलायची.

मग नाना गेले, पाठोपाठ वर्षा-दोन वर्षांत सासूबाई गेल्या. शैलाताईच्या आता स्वतःच्या लेकी तिच्याकडे भडगावला येतात, ती कशाला निघते? आणि गेल्या दिवाळीनंतर संजूने पिंप्राळ्याचं घर विकलं. त्याची नोकरी धुळ्याला, बायको धुळ्याची, देवपुरात फ्लॅट घेतलेला. मायला एकटी ठेवायची कशी? टेम्पोत तिची लोखंडी कॉट चढली, खापर चढलं, तुळशीची कुंडी चढली. माय संजूच्या गाडीत पुढे बसली आणि गाडी गल्लीतून बाहेर वळली. मी घरी येऊन कुकर लावला. तीन घरांवरच्या कुकरची शिट्टी आली नाही.

त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मला मायची आठवण आली. काय सांगू, अशी आली! भाकरी थापताना आली, बाजारात मेथी निवडताना आली, तिच्या जुन्या गच्चीवर नव्या बिऱ्हाडाचे टॉवेल वाळताना बघून आली. एका दुपारी मी उशीत तोंड खुपसून बघितलं, आणि खरंच ओली झाली. रडता रडता मनात म्हटलं, शैलाताई, हे होय ते! दुःख तर होतंच, पण इतक्या वर्षांनी आपल्यालाही ते मिळालं, याचं समाधान लपवून कसं चालेल? गाऱ्हाणीसुद्धा साठायला लागली. फोनवर सांगायची नाहीत असं मी ठरवलं. म्हटलं, मुरू देत.

अर्थात जळायला नवी जागाही सापडली. संजूची बायको, वैशाली, आता रोज मायच्या हातचं खाते. ती मोबाइलवर पाठवते ते फोटो मी बघते, माय तिच्या मुलीची वेणी घालते आहे, माय तिच्या ओट्याशी शेंगदाणे सोलते आहे. जे इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि ज्याला मी माहेर म्हणायला तयार नव्हते, तेच तिच्या घरात गेलं तसं मला हवंसं वाटायला लागलं. माझ्या स्वभावाला औषध नाही, असं आमचे हे म्हणतात.

यंदा आखाजीच्या आधी संजूचा फोन आला. "ताई, रविवारी तुला घ्यायला येतो."

मी होते तिथे खाली बसले. पलीकडून हॅलो हॅलो चाललं होतं. मग म्हटलं, स्लीपर घालून येऊ नकोस. आमचे हे म्हणाले, संजूला कशाला उगीच हेलपाटा, मीच सोडतो की गाडीवर. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पेपर घेऊन बाहेर गेले. रविवारपर्यंत मी गल्लीत प्रत्येकीला या ना त्या निमित्ताने सांगितलं. बाजारातून नवी बॅग आणली. मुराळी येणार म्हणून शेव-मुरमुऱ्याचा चिवडा केला. संजू आला, बूट घालून आला, आणि ह्यांच्यासमोर हात जोडून म्हणाला, "भाऊजी, बहिणीला घेऊन जातो, आठ दिवसांनी पाठवतो." अर्धं टक्कल पडलेला माझा भाऊ. त्याला हसू आवरत नव्हतं, मला रडू. किराणावाल्यांची लेक कणकेचे हात घेऊन तिच्या दाराशी येऊन बघत होती. मी मुद्दाम सावकाश गाडीत बसले.

आणि मग माझं नशीब बघा. इतक्या वर्षांनी माहेर लांब गेलं, तर मधल्या काळात रस्ता चौपदरी झाला. एरंडोल आलं आणि गेलं. पारोळा आलं, मायचं माहेर, तिथे तरी थांबू म्हटलं, तर रस्ता गावाबाहेरूनच वळला. कापसाची उलंगवाडी होऊन मोकळी पडलेली काळी शेतं, बांधावर एखादं निंब, काचेबाहेर नुसता जाळ आणि आत एसी. केसांवर धूळ बसली नाही, तोंड लाल झालं नाही. मी संजूला दोनदा म्हटलं, हळू चालव. तो म्हणाला, "हळूच आहे, ताई." दुपार व्हायच्या आत धुळ्याच्या पांझरा नदीचा पूल आला.

देवपुरातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या फाटकाशी सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकून माय बसली होती. नवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. गाडी थांबली. मी काच खाली केली. मायने मला बघितलं, आणि तिचं तोंड उतरलं.

"इतली लवकर कशी उनी वं?"

म्हटलं, माय, मी आले.

"ते दिसस मले. आत्तेच तं खुर्ची टाकीसन बठनू मी. जराशी वाट तं देखू देती!" फाटकाच्या आत वैशाली उभी होती, ती हसत म्हणाली, "ताई, सकाळपासून मला विचारताहेत, आता वाट बघायला बसू का? मीच म्हटलं, ऊन आहे, थोडं थांबा." मायने तिला हाताने गप्प केलं आणि माझ्याकडे बघत बोलायला लागली. आवाज चिडलेला, पण डोळे भरलेले. "बठ्ठ्या बाया आखाजीले पोरीस्नी वाट देखेत. गल्लीना तोंडवर जाईजाईसन देखेत. मी कोनी वाट देखू? तू तं रोज दारमा. बठ्ठा जलम मले वाट देखानं सुख भेटनं नही."

मी गाडीतच बसून राहिले. इतकी वर्षं मी गल्लीतल्या प्रत्येक लेकीवर जळले. वर गच्चीवर कुरडया राखत माय प्रत्येक आईवर जळत असेल, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं. जळण्यात मी एकटीच तरबेज आहे असा माझा समज होता. हा गुण कोणाकडून आला ते आज कळलं.

मी काच वर केली. संजूला म्हटलं, गाडी वळव.

त्याला समजलं असावं, कारण काही न विचारता त्याने गाडी मागे घेतली. आम्ही परत पांझरेच्या पुलाशी आलो. तिथे उसाचं गुऱ्हाळ होतं, चरकाची घुंगरं वाजत होती. एकेक रस प्यालो. संजू म्हणाला, जायचं? मी म्हटलं, इतक्यात नको, तिचं मन भरू दे. मग आणखी एकेक प्यालो. तो काहीबाही ऑफिसचं बोलत होता, मी ऐकत नव्हते. मी भर उन्हात मुद्दाम सावलीच्या बाहेर उभी होते. तोंडाला चटका बसत होता, वाऱ्याने धूळ उडून केसांत जात होती, आणि मी तिला जाऊ दिली. पुलाच्या पलीकडे एक म्हातारी माझी वाट बघते आहे, या विचाराने मला इतका आनंद होत होता की मी एकटीच हसत होते.

शेवटी संजूच म्हणाला, आता तिला ऊन लागेल. आम्ही निघालो.

माय खुर्चीत नव्हती. फाटक ओलांडून, पार रस्त्याच्या कडेला येऊन उभी होती, कपाळावर हात आडवा धरून. शेजारच्या दोन बायका तिच्याजवळ होत्या आणि ती त्यांना हातवारे करून काहीतरी सांगत होती. गाडी दिसली तशी ती ओरडली, वरच्या गॅलरीतले लोक डोकावले इतक्या मोठ्याने ओरडली. "कोठे मरेल व्हतात इतला वखत? वाट देखी देखी मना डोया दुखाले लागनात!"

मी बॅग उचलली, खाली उतरले, आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हटलं, "काय करू माय, फार लांबून यावं लागतं."